पिल्लाचा बयाणा: पैसे कशाचे, आणि परत कधी मिळतात?

आमच्या शेजारच्या वहिनींनी लॅब्राडोरच्या पिल्लासाठी कोल्हापूरच्या एका ब्रीडरला फोनवरून ६,००० रुपये पाठवले होते. ठरलेली किंमत २४,०००. पिल्लू घरी यायला तीन आठवडे राहिले असताना त्यांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. घरात एक माणूस अंथरुणाला खिळलेला, नवरा बोटीवर, मुलगा मुंबईला. अशात दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागणारं पिल्लू कोण सांभाळणार? त्यांनी ब्रीडरला तसं कळवलं. उत्तर आलं, "ताई, बयाणा परत मिळत नसतो."

त्या संध्याकाळी वहिनी आमच्या पडवीत येऊन बसल्या. "भावजी, बयानो म्हणजे नेमको काय ओ? ह्ये पैशे मी कशाचे दिलंय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कोकणात आता गावोगावी लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर दिसतात. बंद घराला राखण हवी, काजूच्या बागेत सोबत हवी, चाकरमान्यांच्या मुलांना हौस असते. पिल्लं बहुतेक घाटावरून येतात, ओळखी फोनवर होतात, पैसे बोटाच्या एका टोचणीत जातात. पण ते कशासाठी गेले, हे दोन्हीकडच्यांनी एकमेकांना सांगितलेलंच नसतं.

गणपतीच्या शाळेतला पाट

आपल्याकडे चतुर्थीच्या दोन-तीन महिने आधी घरचा पाट गणपतीच्या शाळेत नेऊन देतात. पाटावर खडूने नाव घालतात. मूर्तिकार त्याच पाटावर आपली मूर्ती घडवतो. पाट दिला की दोन्ही बाजू बांधल्या गेल्या: ती मूर्ती तो दुसऱ्याला देणार नाही, आणि आपणही ऐनवेळी दुसऱ्या शाळेत जाणार नाही. पिल्लाचा बयाणा म्हणजे हा पाट. तो पिल्लाच्या किमतीतला तुकडा असतोच, पण त्याहून जास्त तो शब्दाची खूण असतो. कायदेशीर कागदांत याला इसारा म्हणतात.

घोळ होतो तो यामुळे, की "डिपॉझिट" या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी ढकलतो. इसारा किंवा बयाणा म्हणजे व्यवहार पाळण्याची खूण. व्यवहार झाला तर तो किमतीत वळता होतो, घेणाऱ्याने कारणाशिवाय मोडला तर जाऊ शकतो. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीपैकी आधी दिलेला हप्ता, त्याला खुणेचं वजन नाही. आणि अनामत म्हणजे भाड्याच्या घराला देतो तशी, काम संपल्यावर परत घ्यायची रक्कम. पिल्लाच्या व्यवहारात अनामत जवळपास कधीच नसते. तरी "डिपॉझिट" ऐकल्यावर पिल्लू घेणाऱ्याच्या मनात अनामत येते आणि विकणाऱ्याच्या मनात इसारा. भांडणाचं बी तिथेच पडतं.

म्हणून पैसे पाठवतानाच एक ओळ लिहावी: हे पैसे इसारा आहेत की आगाऊ, आणि अंतिम किमतीत वळते होणार का.

ब्रीडर पैसे आधी का मागतो?

लबाडी म्हणून नव्हे. कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. त्या काळात तिचा खुराक, डॉक्टर, कधी सोनोग्राफी. मग पिल्लं झाल्यावर रात्रीची जागरणं, ऊब, जंताचं औषध, पहिली लस. चांगला ब्रीडर पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत सोडत नाही. या काळात "आम्ही घेणार" म्हणणारे दहा जण असतात आणि न्यायच्या दिवशी फोन उचलणारे चार. तोवर पिल्लू तीन महिन्यांचं होतं, आणि मोठं झालेलं पिल्लू घ्यायला लोक कचरतात. बयाणा नसेल तर हा सगळा भार एकट्या ब्रीडरच्या डोक्यावर.

तेव्हा बयाणा मागणं हा दोष नाही. मला तर, बयाणा न मागता "आजच घेऊन जा" म्हणणारा जास्त खटकतो. अमुक टक्केच घ्यावेत असा कायदा नाही. माझ्या मते किमतीच्या दहा ते वीस टक्के ही वाजवी खूण आहे. अर्धी किंमत आधी मागितली तर ती खूण राहिलेली नसते, उधारी झालेली असते.

आठ आठवड्यांचा नियम आणि पैसे देण्याची वेळ

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे हे नियम. पिल्लं विकण्यासाठी कुत्रे पाळणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, मग तो घरामागच्या पडवीत पैदास करणारा का असेना. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लाला मायक्रोचिप असावी लागते. ती तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली घालतात आणि स्कॅनरवर तिचा १५ आकडी नंबर दिसतो. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिची वीण घेता येत नाही, आणि वर्षाला एकाहून जास्त वेळा तर नाहीच.

याचा बयाण्याशी संबंध काय? मोठा आहे. बयाणा देण्याआधी नोंदणीचा दाखला मागता येतो, आणि दाखला दाखवताना समोरचा कसा वागतो त्यावरून बरंच कळतं. इथे एक गफलत फार होते. "पेपर आहेत" असं ब्रीडर म्हणतो तेव्हा तो केनेल क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे चेन्नईच्या संस्थेचे, वंशावळीचे कागद सांगत असतो. ते पिल्लाच्या आईबापांबद्दल बोलतात. ब्रीडर नियम पाळतो की नाही हे मंडळाच्या नोंदणीवरून कळतं. दोन्ही वेगळे, आणि आरोग्याबद्दल दोन्ही गप्प.

पैसे कधी द्यावेत? आंब्याचा मोहोर बघून पेटीचे पैसे देणारे आपल्याकडे आहेत, पण ते जाणतात की तो सौदा मोहोराचा आहे, फळाचा नाही. कुत्री गाभण आहे एवढ्यावर बयाणा मागितला, तर तो फक्त यादीतल्या नंबराचा बयाणा आहे. पिल्लं किती होतील, नर किती, माद्या किती, कोणत्या रंगाची, काहीच ठाऊक नसतं. अशा वेळी रक्कम थोडी असावी आणि "मला हवी तशी मादी या वेतात झाली नाही तर पैसे पूर्ण परत" हे आधी ठरावं. पिल्लं झाल्यावर, त्यांचे डोळे उघडल्यावर (साधारण दहा ते चौदा दिवसांनी), शक्य असेल तर आईसकट त्यांना प्रत्यक्ष बघून दिलेला बयाणा सगळ्यात बरा. फोंड्याचा घाट चढायला लागला तरी एकदा जाऊन यावं. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर परत यावं आणि पैसे खिशातच ठेवावेत.

कोणतं पिल्लू?

बारकावा वाटेल, पण कायद्याच्या नजरेत फार फरक पडतो. अनेक ब्रीडर नवजात पिल्लांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांच्या रिबनी बांधतात. "पिवळ्या रिबनची मादी माझी" असं ठरलं, तर सौदा त्या एका जिवाचा झाला. "या वेतातली एक काळी मादी" असं ठरलं, तर वेतातली कोणतीही काळी मादी चालते.

आता पिवळ्या रिबनचं पिल्लू चौथ्या आठवड्यात दगावलं, कोणाची चूक नाही. वस्तुविक्री कायदा १९३० चा आहे. त्यात जनावरंही मालात मोजतात. ऐकायला बरं वाटत नाही, पण इथे त्या शब्दाचा फायदा घेणाऱ्यालाच होतो. त्याच्या आठव्या कलमानुसार, ठरलेला विशिष्ट माल त्याची जोखीम (जी सहसा मालकीबरोबर जाते) घेणाऱ्याकडे जाण्याआधी कोणाच्याही चुकीविना नष्ट झाला, तर करार रद्द होतो. करार रद्द झाला की घेतलेले पैसे परत करायचे असतात. शाळेत आपल्या पाटावरच्या मूर्तीला तडा गेला, तर मूर्तिकार पैसे ठेवून घेत नाही, तसंच. ब्रीडर म्हणेल, "दुसरं पिल्लू देतो." ते घ्यायचं की पैसे घ्यायचे, हे ठरवण्याचा हक्क घेणाऱ्याचा.

"परत मिळणार नाही" असं लिहून दिलंय, मग संपलं का?

वहिनींचा खरा प्रश्न इथे होता. व्यवहार त्यांच्या बाजूने मोडला होता, आणि ब्रीडरच्या मेसेजमध्ये "नॉन रिफंडेबल" असा शब्दही होता.

आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं ७४ वं कलम सांगतं, की करार मोडला तर किती रक्कम जाणार हे आधीच लिहून ठेवलं असलं, तरी दुसऱ्या बाजूला मिळते ती फक्त वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. थोडक्यात, लिहिलंय म्हणून आपोआप सगळं जप्त होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा एक निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. दिल्लीतला एक बंगला १,१२,५०० रुपयांना ठरला होता. घेणाऱ्याने १,००० रुपये इसारा दिला, मग किमतीपैकी २४,००० दिले. कागदावर लिहिलं होतं की व्यवहार मोडला तर पूर्ण २५,००० जप्त. व्यवहार मोडला. न्यायालयाने विक्रेत्याला १,००० ठेवू दिले. २४,००० जप्त करायला नकार दिला, कारण तेवढं नुकसान झाल्याचं त्याला दाखवता आलं नाही. पुढे २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने एका भूखंडाच्या प्रकरणात इसाऱ्याची रक्कमसुद्धा परत करायला लावली. तिथे घेणाऱ्याने करार मोडलाच नव्हता, शिवाय तो भूखंड नंतर कितीतरी जास्त किमतीला विकला गेला होता. नुकसानच नाही, तर भरपाई कशाची?

यावरून दोन गोष्टी निघतात. छोटी, खुणेची रक्कम घेणाऱ्याच्या चुकीने जाऊ शकते, आणि ती गेली तर ओरडू नये. पण इसाऱ्याच्या नावाखाली किमतीचा मोठा भाग घेऊन तो गिळता येत नाही. वहिनींनी किमतीचा चौथा हिस्सा दिला होता. त्यांनी तीन आठवडे आधी कळवलं होतं. मी त्यांच्याकडून ब्रीडरला एवढंच विचारून घेतलं: "ते पिल्लू दुसऱ्या कोणी घेतलं का? किती दिवस उशिरा? तेवढ्या दिवसांचा खर्च सांगा." पिल्लू नऊ दिवसांनी सांगलीच्या एका कुटुंबाने त्याच किमतीला नेलं होतं. ब्रीडर भला माणूस निघाला. त्याने नऊ दिवसांचा खुराक आणि नव्या गिऱ्हाईकासाठी केलेल्या जाहिरातीचे मिळून १,५०० ठेवले आणि ४,५०० परत पाठवले. त्याला कोणी कायदा शिकवला नाही. नुकसान किती, हा प्रश्न विचारल्यावर त्यानेच हिशेब केला.

आणि ब्रीडरनेच शब्द फिरवला तर?

हेही घडतं. जास्त पैसे देणारा भेटला, किंवा पिल्लू कुत्र्यांच्या प्रदर्शनात दाखवायला स्वतःकडेच ठेवायचं मनात आलं. तेव्हा ब्रीडर म्हणतो, "तुमचे पैसे परत घ्या." घेणाऱ्याचे पैसे जाऊ शकतात, मग विकणाऱ्याचं काहीच कसं जात नाही? पाट दोघांना बांधतो. म्हणून ठरवतानाच लिहावं, की ब्रीडरने माघार घेतली तर बयाणा परत, आणि वर तेवढीच रक्कम. हे मागताना संकोच वाटतो. पण जो ब्रीडर शब्दाला पक्का आहे, त्याला असं लिहून देताना काही वाटत नाही.

पिल्लू घरी आल्यावरचे चौदा दिवस

हा भाग बयाण्याचा नाही असं वाटेल, पण बयाणा देतानाच ठरवायचा आहे. नंतर ठरत नाही.

पिल्लांना मारणारा सगळ्यात भयंकर आजार पार्वो. रक्ताची हगवण, उलट्या, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातातून जातं. आमच्या घरी एकदा गेलं आहे. त्या रात्रीचा वास अजून आठवतो, म्हणून हे जरा ठासून लिहितो आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा तीन ते सात दिवस जातात, कधी चौदापर्यंत. आता ब्रीडर काय हमी देतात ते बघा: "४८ तासांची हेल्थ गॅरंटी". ब्रीडरकडे लागण झालेलं पिल्लू ४८ तास तुमच्याकडे उड्या मारेल आणि पाचव्या दिवशी पडेल. हमी तोवर संपलेली.

म्हणून चौदा दिवसांची हमी मागावी: घरी आणल्यावर दोन दिवसांच्या आत आपल्या डॉक्टरांकडे तपासणी, आणि चौदा दिवसांत पार्वो किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) निघाला तर पैसे परत किंवा उपचाराचा खर्च. ब्रीडर म्हणेल, "तुमच्याकडे आल्यावर लागण झाली नसेल कशावरून?" रास्त शंका आहे. त्यामुळे घेणाऱ्यानेही कबूल करावं, की लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गावातल्या रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर नेणार नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. आपल्याकडे पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, तेव्हा लसीत तो आहे ना, हे डॉक्टरांना विचारावं. लसीच्या कार्डावर बाटलीचं चिकटवलेलं लेबल आणि डॉक्टरांची सही असते. नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखेला अर्थ नाही.

पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडला आणि पिल्लू आणायला आठवडा उशीर झाला, तर त्या दिवसांचा खर्च कोणाचा? हेही आधी बोलावं. माझ्या मते तो घेणाऱ्याचा.

"आपलोच माणूस असा, कागद कशाक?"

कोकणात हे वाक्य ऐकल्याशिवाय कोणताही व्यवहार होत नाही. माझं उत्तर असं, की कागद अविश्वासासाठी नसतो, विसरण्यासाठी असतो. दोन महिन्यांनी "मी म्हटलं होतं" आणि "तू म्हटलं नव्हतंस" यात चांगले शेजारी तुटलेले मी पाहिले आहेत. स्टँपपेपर लागत नाही. तोंडी करारही करारच असतो, फक्त सिद्ध करणं जड जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पाठवून "बरोबर" असं उत्तर घेतलं तरी पुष्कळ झालं. असा:

"दादा, आज ३,००० रुपये इसारा पाठवला. २ तारखेला झालेल्या वेतातली पिवळ्या रिबनची मादी, एकूण किंमत २०,०००, इसारा त्यात वळता. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर चिप, लसीचं कार्ड आणि आईच्या माहितीसह देणार. पिल्लू दगावलं किंवा तुम्ही दिलं नाही तर पूर्ण परत. मी घेतलं नाही तर तुमचा प्रत्यक्ष खर्च वजा करून बाकी परत. चौदा दिवसांची पार्वो-डिस्टेंपरची हमी. बरोबर का?"

आणि तो मेसेज जपावा. मोबाइल बदलताना संभाषण पुसलं जातं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

फोटोतलं पिल्लू

एक वेगळा प्रकार सांगायला हवा, कारण त्यात बयाण्याचा प्रश्नच नसतो, ती सरळ चोरी असते. फोटोत गोंडस पिल्लू, किंमत बाजारापेक्षा निम्मी. बयाणा पाठवा. मग गाडीभाडं, मग पिंजऱ्याचे पैसे, मग विमा, "पोचल्यावर परत मिळतील". दर वेळी रक्कम थोडीच वाढते. पिल्लू मुळात नसतंच. व्हिडिओ कॉलवर पिल्लू आणि आजच्या तारखेचा कागद एकत्र दाखवा म्हटलं, की फोन बंद. पैसे गेले असतील तर लाज बाळगू नये. लगेच १९३० या नंबरवर सायबर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत पैसे मधल्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त असते.

तीन हजारांसाठी कोण तक्रार करतो?

खरा ब्रीडर आहे, पण पैसे अडवून बसला आहे, अशा वेळी ही शंका येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार किमतीचा काही भागच दिला असला तरी तुम्ही ग्राहक ठरता. तक्रार आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, ब्रीडर घाटावरचा असला तरीही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगितलं तर बरेचदा तिथूनच ब्रीडरशी संपर्क होतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लं विकली जात असतील, आई मरतुकडी दिसली असेल, तर ती तक्रार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे. ती पैशांसाठी नसते, मागे राहिलेल्या कुत्रीसाठी असते.

वहिनींच्या सासूबाई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. गेल्या महिन्यात त्या ब्रीडरचाच मेसेज आला, की नवीन वेत झालं आहे, सहा पिल्लं, दोन माद्या. वहिनींनी मला मोबाइल दाखवला. पैशांचं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी परत विचारलं होतं: "आई कितव्या वर्षाची? हे तिचं कितवं वेत? आणि माद्यांच्या गळ्यात कोणत्या रंगाची रिबन?"